टोपीवाला फौजदार आन काबरीचा तपास

डोळ्याला हात लावून सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय. खोटा आसंल तर माझी कवळी आत्ता हितं गळून पडू दे!

आमच्या मिरजगावात माझ्या भिताडाला लागून राहीबाईचं घर. तिच्या पोरानं दारायेवढा टीव्ही आनला, तवापास्नं रोज दुपारच्या चहाला आमी दोघी तिच्याकडं एक मालिका बघायचो. जुन्या राणीच्या काळातलं लंडन, पन सगळे हिंदीत बोलायचे. नुसता चिखुल, घोडागाड्या, गल्लीबोळात मढी आन धुकं. धुकं बी आसं, की टीव्हीतनं भाईर यायचं आन आमाला ठसका लागायचा. त्यातला टोपीवाला फौजदार कुनावर इस्वास ठेवायचा न्हाई. आदी चिखलातली पावलं बघायचा आन म्हनायचा, "जो जवळचा, त्याच्यावर पयली नजर."

ते माझ्या डोक्यात बसलं.

एक दिवस माझी काबरी कोंबडी गायब झाली. ना पीस, ना रगत. मांजरानं नेली आसती तर पिसं पडली आसती. म्हंजी मानसानंच नेली.

सून सविता म्हनली, "आत्या, येईल की फिरून."

मी तिच्याकडं बी टोपीवाल्यागत बघितलं. हिला काय म्हाईत, येईल म्हनून?

मग राहीवर ध्यान ठेवलं. चहा देताना ती हसली. मला ते हसनं सरळ वाटलं न्हाई. चुलीवरनं वास येत हुता.

"काय शिजवतीस गं?"

"वांगं."

वांग्याला येवढा मसाला?

सांजच्याला मी खुराड्याम्होरं शेनानं सारवलं. चोर बाकीच्या कोंबड्यांसाठी येनार, आन वल्या सारवनावर पाऊल उठनार. सकाळी बघते तर खरंच पाऊल! टाचंखाली चौकोनी ठिगळ. राहीच्या चपलेला टायरचा तुकडा ठोकला, तवा मीच तिच्यासंगं गेल्ते.

गिरनीत सगळ्या बायांम्होरं तिला गाठली.

"राहे, काबरी कुटं हाय?"

"माझ्या पदरात बांधलीय व्हय?"

"पदरात न्हाई, पोटात आसंल! चप्पल उलटी कर."

राहीनं चप्पल काढून उलटी केली. टाच गुळगुळीत. ठिगळ न्हाईच! तिनं ती चप्पल निरखून बघितली, मग माझ्या पायाकडं बघितलं.

"आता तुझी कर की, फौजदारीनबाई."

मी उलटी केली. टायरचं ठिगळ!

गावच्या सप्त्यात देवळाभाईर चपलांचा ढीग हुता. तिची निळी, माझी बी निळी. घाईत अदलाबदल झालेली. आन पाऊल उठलं का बघाया पहाटं झोपंच्या डोळ्यानं खुराड्यापातूर मीच गेल्ते की! सारवनावरचं पाऊल माझंच.

बाया पीठ सांडूस्तवर हसल्या. राही हसली न्हाई.

"जल्म गेला एका भिताडाआड, आन मी चोर?" येवढंच म्हनली. माझी चप्पल तितंच टाकून आनवानी गेली.

माझी मालिका बघायची सुटली. भिताडापल्याड टोपीवाल्याचा आवाज यायचा, पन खुनी कोन ते कळंना. पन खुनी गेला खड्ड्यात. मला दुपारचा चहा एकटीला गिळवंना.

लई दिसांनी भिताडापल्याड चिवचिव ऐकू आली. राहीच्या कडब्याच्या गंजीतनं काबरी भाईर आली, आन मागं पिल्लांची रांग! बया चोरून अंडी घालून तितंच उबवत बसली हुती. राही पिल्लं पाटीत घालून, काबरीला काखंत मारून माझ्या दारात आली.

"घे तुझी चोर. आन चल, आज शेवटचा भाग हाय."

खुनी कोन निघाला सांगू? फौजदाराचाच जवळचा हवालदार! मी हळूच राहीकडं बघितलं, तर ती माझ्याकडंच बघत हुती.

आता कवळी हालाया लागलीय म्हनून सांगते. टीव्हीतलं धुकं खरंच हाय, पन एक गोष्ट मी पदरची घातली. राही काय माझ्या दारात आली न्हाई. चिवचिव ऐकून मीच गेल्ते, तिची चप्पल हातात घिऊन. ती अंगनात पिल्लांना तांदूळ टाकत हुती. मान वर न करता म्हनली,

"आदी उलटी कर. माझीच हाय ना, बघू दे."