डावा कान

वेल्डिंग झालेल्या पोलादावर ठमी प्रोब टेकवायची, की हेडफोनमध्ये बारीक करकर ऐकू यायची. प्रोबमधलं लहानसं चुंबक धातूला आतून चाळवायचं; धातू जितका ताणलेला, तितकी करकर मोठी. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि तो ताण जोडातच अडकून राहतो. तो मोजणं हे तिचं काम.

त्या सकाळी दोन पुरुष उंचीची टाकी ट्रेलरवर चढवायची होती. ती उचलण्यासाठी वर दोन जाड पोलादी कान जोडले होते, आणि जोडणारा वेल्डर तिचा सख्खा दादाच होता. उजव्या कानापाशी करकर नेहमीसारखी आली. डाव्यापाशी इतकी मोठी आली की ठमीने दचकून हेडफोन काढला. प्रोब पुसून पुन्हा लावला. तेच.

दादाला विचारलं, तर तो म्हणाला की तेव्हा तापवायचा गॅस संपला होता, म्हणून डावा कान आधी न तापवताच जोडला, त्यात काय एवढं? पण न तापवलेला जोड झटकन निवतो आणि ताण जास्त अडकतो, हे ठमीला ठाऊक होतं. सुपरवायझरनेही ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. भेग शोधायची तपासणी कालच झाली होती, भेग कुठेच नव्हती. शिवाय मागे ठमीने असाच एक जोड अडवला होता. तो कापून पाहिला तर चांगला निघाला. तेव्हापासून शेडमध्ये तिला भित्रूताई म्हणायचे. या खेपेला तिला ठामपणे ‘नाही’ म्हणवेना. पुन्हा मोजायला हवं, एवढंच ती पुटपुटली.

क्रेनच्या साखळ्या ताठ झाल्या. टाकी कमरेइतकी वर आली. बुडाला एक लाकडी ठोकळा चिकटून आला होता. तो काढायला दादा वाकून सरळ टाकीखाली शिरला.

 ठमीने हाक मारली, ती त्याला ऐकूच गेली नाही. दुसऱ्यांदा हाक गेली, तर दादाने न बघताच हात हलवला. आपण चुकलो तर पुन्हा हसं होईल; बरोबर असलो तर... पुढचा विचार करायची तिची छाती झाली नाही. ती वाकली, आत गेली आणि दादाशेजारी जमिनीवर बसली. डोक्यावर टाकीचं काळं बूड. तिला वर बघवेना.

“तू इथे काय करतेस? बाहेर हो.”

“तू निघ, मग मी निघते.”

“ठमे, वेड लागलंय का तुला?”

“मला फार भीती वाटतेय, दादा.”

दादाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ठोकळा तसाच सोडला, मनगट धरून तिला फरफटत बाहेर काढलं आणि टाकी खाली घ्यायला लावली. मग चारचौघांत तिला नको नको ते बोलला.  टाकी टेकली, काहीच तुटलं नाही. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

दुपारी सुपरवायझरने वैतागून तो कान कापून नवा लावायला सांगितलं. साखळ्या केव्हाच सोडल्या होत्या, कानावर कसलंही वजन नव्हतं. गॅसच्या ज्योतीने निम्मा कापून होतो न होतो, तोच बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि उरलेला जोड आतल्या ताणानेच आपोआप फाटला. कापणारा उडी मारून मागे आला.  दादा मटकन खाली बसला.

घरी जाताना दादा म्हणाला, “आत येऊन बसलीस कशाला? दोघंही गेलो असतो, तर आईला काय सांगितलं असतं लोकांनी?”

“मला दुसरं काही सुचलंच नाही,” ठमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादाने नीट तापवून नवा कान जोडला, निवू दिला आणि स्वतःच तिला बोलावलं. ठमीने प्रोब जोडावर टेकवला. दादाने तिच्या हातावर आपला हात दाबून धरला.  करकर बारीकच आली. तरी टाकी ट्रेलरवर चढेपर्यंत दोघं शेडच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.