मी येईपर्यंत ठेवा

सोनूबाई गेल्याचा ट्रंककॉल लंडनला पोचला, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाने, महिपतने, दुःख करण्याआधी हुकूम सोडला. थोरली मुलं तशीच असतात.

"मी येईपर्यंत ठेवा."

"दोन दिस, दादा?" रत्नागिरीहून धाकटा विठू ओरडत होता. "मयत उठल्याबिगर वाडीत कोन चूल पेटवत नाय, ठाव हाय ना?"

"मिरकरवाड्यातून बर्फ आण. मला तिचं तोंड बघायचंय."

"तो मासळीचा बर्फ! आई माळकरीण व्हती."

लाईन तुटली. हुकूम तेवढा पोचला.

विमानात शेजारी ओफोरी नावाचे घानाचे गृहस्थ होते, मुंबईला छपाईयंत्र बघायला निघालेले. लांबच्या प्रवासात माणूस झोपतो, नाहीतर बोलतो. महिपतला झोप येणार नव्हती. त्याने सगळं सांगितलं.

"बरोबर केलंत," ओफोरींनी त्याचा हात थोपटला. "माझ्या वडिलांना आम्ही पाच आठवडे ठेवलं. काका कॅनडातून यायचे होते."

पाच आठवडे! महिपतला आपला हुकूम एकदम समंजस वाटायला लागला.

"गावजेवणं झाली, बोकड कापले. तुमच्याकडे आलेल्यांना कोण जेवू घालतं?"

"कोणी नाही. प्रेत घरात असेपर्यंत वाडीत चुलीच पेटत नाहीत."

हवाईसुंदरी ट्रे ठेवून गेली. महिपतने सवयीने कोंबडीचा तुकडा तोंडात घातला.

"म्हणजे आत्ता तिथे कोणीच जेवलेलं नाही?"

"नाही."

"मुलंसुद्धा?"

तुकडा गिळवेना, थुंकवेना. शेजारची जनी बाळंतीण होती, हे विठूनेच मागे कळवलं होतं.

"फोन करा. न्या म्हणावं," ओफोरी म्हणाले, आणि स्वतःच ओशाळून खिडकीकडे बघायला लागले. खाली ढग होते.

मग त्यांनी आपला ट्रे झाकून टाकला.

"अहो, तुम्ही जेवा ना."

"शेजारी बसलोय तुमच्या."

दोन ट्रे परत नेताना हवाईसुंदरीने विचारलं, चव बिघडलीय का? दोघेही नाही म्हणाले.

पुढचे सगळे तास महिपत विठूने आपलं ऐकू नये म्हणून प्रार्थना करत होता, आणि ऐकलेलं असावं म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅक्सी भाट्याच्या खाडीपुढे आली, तर वाडीतल्या एकूण एक घराच्या कौलांतून धूर निघत होता. महिपतने टॅक्सी थांबवायला लावली आणि मागच्या सीटवर बसून तो रडला. सुटका किती आणि दुःख किती, ते त्याला वेगळं करता आलं नाही.

विठू वाटेवर आला, डोकं भादरलेला.

"कालच नेली, दादा. पोरां रडाय लागली. ती असती तर शिव्या घातल्या असत्यान आमाला. रागावलास?"

"नाही रे. बरं केलंस."

दोघे बांधावर बसले. महिपतने विचारलं, "तोंड कसं होतं तिचं?"

विठूने आठवून पाहिलं.

"लाकडां आणायची व्हती, भटजी बघायचा व्हता, मानसां येत व्हती. मी बघितलंच नाय रे, दादा."