पंखे त्याचे, चिंध्या तिच्या

"आमच्या लहानपणी एकाच घरातली दोन पोरं तुमच्यासमोर बसली होती, डॉक्टर. तुम्ही एकालाच तपासलंत. त्याला नाव दिलंत आणि माझ्या हातात त्याची पिशवी सांभाळायला दिलीत."

धाकट्या भावाची वार्षिक तपासणी आटोपली होती. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं होतं, आई चपला शोधत होती. ताईला तोंड उघडायला हीच वेळ सापडली.

"अगं, मोठ्या माणसांशी असं बोलतात?" आई ओशाळून म्हणाली.

असंच बोलतात. चाळीशी उलटेपर्यंत गोड बोलून झालं होतं.

धाकट्याला पंख्यांचं वेड. नुसत्या घरघरीवरून तो पंखा कुठल्या कंपनीचा ते सांगायचा. लहानपणी याच खोलीत त्या वेडाला 'ऑटिझम' हे नाव मिळालं आणि सगळं घर त्याच्याभोवती फिरायला लागलं. तो घरात असला की मिक्सर बंद. पाहुणे आले की त्याला आत बसायची मुभा. आवाज अडवणारे जाडजूड हेडफोन आले. ते पाहून ताईच्या पोटात जी आग पडली, ती आजतागायत विझली नव्हती. मिक्सर तिच्याही डोक्यात खिळ्यासारखा घुसायचा. पण पाहुण्यांना पाणी द्यायला कोण जाणार? ताई.

तिचं वेड कापडाचं. चिंध्यांचे डबे विणीप्रमाणे लावलेले. एक चिंधी इकडची तिकडे झाली की तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मावशी कौतुकाने म्हणायची, "पोर संसारी निघणार हो!" त्याचं ते लक्षण, हिची ती हौस. मुलगा गप्प बसला तर दवाखाना, मुलगी गप्प बसली तर गुणाची!

आता ती पडद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हसून बोलते. ते हसू मावशीचं. आरशासमोर उभं राहून तिने ते जसंच्या तसं उचललं होतं. मावशीचे यजमान गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांना ताई दारात तेच हसू हसून "या, या" म्हणाली. मावशीने तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलंय.

"हे बघा," डॉक्टर समजुतीने म्हणाले, "तुम्ही नोकरी करता, चारचौघांत वावरता. आत्तासुद्धा माझ्या डोळ्यांत बघून बोलताय."

"नाही बघत," छताच्या पंख्यावरची नजर न हलवता धाकटा म्हणाला. "ती भुवयांच्या मध्ये बघते. मलाही शिकवत होती. मला नाही जमलं."

"तुझं आपलं काहीतरीच!" आई म्हणाली.

"जमलं नाही म्हणून सुटलास, बाबा," ताई म्हणाली. चेष्टेच्या सुरात म्हणायला गेली, पण आवाज फाटला.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "इतकी वर्षं निभावलंत ना छान? मग आता नाव कशाला हवंय?"

निभावलं! दुकानातून आल्यावर ती कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसते, कुणी हाक मारली तरी शब्द फुटत नाही, ते बघायला कोण आलं होतं?

तिने धाकट्याच्या मांडीवरचे हेडफोन उचलले. त्याच्या वस्तूला घरात कुणी हात लावत नसे.

"डावी बाजू सैल आहे," धाकटा एवढंच म्हणाला आणि खुर्चीतून उठून बाजूला झाला.

ती तिथे बसली. हेडफोन कानांवर चढवले. पंख्याची कुरकुर गेली. आईचे नुसते ओठ हलत राहिले. मावशीचं हसू तोंडावरून उतरलं आणि खाली जो चेहरा निघाला, तो आईनेसुद्धा कधी पाहिला नव्हता.

मग तिने एक कान मोकळा केला.

"त्याच्या वेळी नाही विचारलंत, नाव कशाला हवंय म्हणून. माझ्याच वेळी का विचारता? सांगा. ऐकतेय मी."