बाजारच्या दिवशी बंद

केडगावच्या कृपाबाईंनी अडतीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलं. शाळा तिसरीपर्यंत, पण हाताखालून गेलेल्या बाळंतिणी मोजायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. नातू केल्विन कंपनीत लागला तेव्हा त्यांनी नाक मुरडलं, आणि नात फेथ नर्स झाली तेव्हा अख्ख्या चर्चला पेढे वाटले. "कंपनीचं काय, आज हाय, उद्या न्हाई. मानसं आजारी पडायची थांबणार हायेत व्हय?" असं म्हणायच्या.

म्हणून त्या संध्याकाळी फेथ शिरूरहून आली आणि चहाचा कप हातात धरून नुसतीच बसून राहिली, तेव्हा कृपाबाईंना ते बघवेना.

"काय झालं सांग, न्हाईतर चहा पी. दोन्ही न करता माझ्यापुढं बसू नको."

"मॅडम आम्हा दोघींतली एकच नर्स ठेवणार आहेत, आजी. पहिल्या तारखेपासनं."

शिरूरला डॉक्टर राजश्रींचा दहा खाटांचा दवाखाना होता. फेथ आणि अंजना तिथं नर्स. कंपन्या जोरात होत्या तोवर विम्याचं कार्ड घेऊन लोक ठणकणारं बोट दाखवायलासुद्धा यायचे. मग मंदी आली, ठेकेदारांनी पोरं घरी बसवली आणि कार्डंही गेली. आता पोटात कळा आल्या तरी लोक मेडिकलमधून दोन गोळ्या घेतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. दहातल्या सात खाटा रिकाम्या.

"मीच सोडते म्हणणार आहे," फेथ म्हणाली. "अंजनाच्या नवऱ्याचं काम गेलंय. पदरात दोन लेकरं."

"मोठी आली दानशूर! उद्या येते मी तुझ्या मॅडमकडं."

"उद्या बाजारचा दिवस. दवाखाना बंद असतो."

"बाई तर बंद नसती ना? वरच्या मजल्यावर राहती म्हणतीस. दार वाजवीन."

सकाळी कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून कृपाबाई फेथला घेऊन चौफुल्यावर एसटीत बसल्या. डॉक्टरला काय काय सुनावायचं ते न्हावरा येईपर्यंत तोंडपाठ झालं. पण दवाखान्यापाशी पोचल्या तर खाली ओढलेल्या शटरसमोर पायरीवर दोन बाया बसलेल्या. एक पन्नाशीची, दुसरी पोटुशी, भिंतीला डोकं टेकून डोळे मिटलेली.

"बंद हाय मावशी," मोठी म्हणाली. ही निमोण्याची शेवंताबाई, आणि ती तिची सून समृद्धी. "गेल्या बाजारीबी कुलूपच बघून गेलो."

"मग मधल्या वारी यायला काय झालं?"

"कशावर बसून येऊ? आधी पोरगा सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर आणायचा. त्याला कंपनीनं काढलं, गेलाय चाकणला काम हुडकायला. आता बाजारी झेंडूचा टेम्पो येतो, त्यात पोत्यांवर बसून यायचं. दुसऱ्या वारी टेम्पो कुठला?"

कृपाबाईंचं लक्ष सुनेच्या पायांकडं गेलं. घोटे दिसतच नव्हते. त्या खाली बसल्या, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. कणकेत बोट रुतावं तसा खळगा तिथंच राहिला.

"डोकं दुखतंय का गं, बाई?"

"चार दिस झालं," समृद्धी डोळे न उघडता म्हणाली. "डोळ्यापुढं काजवे चमकत्यात."

कृपाबाईंचं पाठ केलेलं भाषण तिथंच विरलं. "फेथ, वर पळ. बाईला म्हणावं, हाय तशी खाली ये. पदर सावरत बसू नको."

डॉक्टर राजश्री घरातल्या गाऊनवरच उतरल्या. फेथनं रक्तदाब घेतला आणि आकडा हळूच सांगितला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. आणखी दोन दिवस गेले असते तर पोरीला झटके आले असते. इंजेक्शनं सुरू झाली, पुण्याच्या मोठ्या दवाखान्याशी बोलणं झालं, गाडी आली. फेथचे हात असे चालत होते की कृपाबाई कोपऱ्यात उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या. सुईसुद्धा त्या लेकरानं पहिल्या झटक्यात लावली. कौतुक ओठावर आलं, पण लाडानं पोरगी बिघडेल म्हणून गिळलं.

सासू-सुनेला घेऊन गाडी गेली आणि डॉक्टर शटर ओढायला वळल्या, तर दारात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई. "उघडलं का, मॅडम?" तिच्यामागं आणखी दोघी. बाजारात बातमी पोचली होती. अंजनाला फोन करून बोलवावं लागलं. दोन वाजेस्तोवर बाकड्यांवर सव्वीस बाया, आणि खाली मेथी, कांदे, एक बांधलेली कोंबडी.

"आजी, मी कॉम्प्युटरवर बघूनच हा दिवस बंद ठेवला होता," डॉक्टर ओशाळून म्हणाल्या. "कार्डवाले या दिवशी सगळ्यांत कमी यायचे."

"अवं डॉक्टरीणबाई, ह्या बायांकडं कार्ड कवा हुतं? तुमच्या मशीनला त्या दिसायच्या कशा? थोडं देतील, पर रोख देतील. आन् दर बाजारी येतील. पुन्याची हुशारी पुन्याला ठेवा, हितं बाजार बघून दार उघडायचं."

अंजना तोंडावर हात ठेवून हसली. फेथ म्हणाली, "आजी, हळू बोल गं."

डॉक्टरही हसल्या. "बाजारच्या दिवसाऐवजी बुधवारी बंद ठेवते मग. तीन महिने दोघीही राहू देत. पुढचं आत्ता नाही सांगता येणार, खोटं कशाला बोलू?"

फेथनं अंजनाचा हात घट्ट धरला. कृपाबाईंनी ते पाहिलं आणि चष्मा पुसायला काढला.

"आजी, पुढच्या बाजारी तुम्ही पण या," अंजना म्हणाली. "बायांना रांगेत बसवायला."

"पगार काय देणार?"

"एकीला कमी करायला निघाले होते," डॉक्टर म्हणाल्या, "आता तिसरी कुठून ठेवू?"

"मग चहा तरी सांगा बाई. सकाळधरनं उपाशी पोटी तुमचा दवाखाना चालवतीय मी," असं म्हणून कृपाबाई दाराकडं वळल्या. "ए हिरव्या लुगड्याची, मधी घुसू नको. तुझा नंबर कोंबडीवालीच्या मागं हाय."