चुलीपुढची आणि मुरगूडचं पावणं

शिवलीलाला मॉडरेटर केलं तेव्हा तिला वाटलं होतं, हा काहीतरी मान आहे. कसला मान, डोक्याला ताप! 'पेठेचा कट्टा' ही वेबसाइट मंगळवार पेठेतल्याच संग्रामनं पुण्यात नोकरी करता करता काढलेली. २००७ साल उजाडेपर्यंत पेठेतली, पेठेबाहेरची, पार दुबईला गेलेली माणसंसुद्धा तिथं येऊन बसायला लागली होती. बसायला म्हणजे भांडायला. संग्राम फोनवर म्हणाला, "वैनी, तुमच्या घरात कॉम्प्युटर हाय, नेट हाय. जरा कचरा काढत जावा की." आणि ही बया हो म्हणून बसली.

कचरा म्हणजे काय ते पहिल्याच आठवड्यात कळलं. विभाग म्हणून काही असतात हेच लोकांना मान्य नव्हतं. 'वधू-वर'मध्ये कुणी लिहायचं, "रंगानं काळी, पण स्वभावानं गरीब, दोन्ही टायमाला दूध देती." ती म्हैस सोडून 'खरेदी-विक्री'त नेऊन बांधायची. कुणाच्या दहाव्याचा निरोप 'कार्यक्रम'मध्ये पडायचा आणि त्याखाली लोक न वाचताच 'अभिनंदन' ठोकून मोकळे. फुटबॉलचा हंगाम आला की दोन तालमींची पोरं एकमेकांच्या आयाबहिणी काढायची, त्या पुसता पुसता हिच्या बोटांना गोळे यायचे. एका बहाद्दरानं तर पाच-सहा नावं घेऊन एकट्यानंच अख्ख्या तालमीचा दंगा घातला. तेव्हापासून संग्रामनं नियम केला: एका इंटरनेट जोडणीवरून एकच नाव. दुसरं सापडलं की दोन्ही हद्दपार.

या सगळ्या गोंधळात तिचा जीव मात्र 'रांधा-वाढा' या विभागात अडकलेला होता.

तिथं 'परगावची' नावाच्या बाईनं विचारलं होतं, "सातवा लागलाय. गव्हाची गोड हुग्गी खावीशी वाटते. कशी करतात? इथं विचारायला कुणी नाही." नोंदणीतला ई-मेल मॉडरेटरला दिसतो. शिवलीलानं तो बघितला. विद्याश्री! तिची नणंद.

विद्याश्रीनं तीन वर्षांपूर्वी मिलिंदशी लग्न केलं. पोरगा कागलचा, बौद्ध घरातला, तिच्याबरोबरच इंजिनिअर झालेला, हैदराबादला चांगल्या नोकरीत. पण जातीबाहेर. सासरे बाळाप्पा म्हणाले, "या घरात तिचं नाव काढायचं न्हाय." सासू शांतादेवींनी, म्हणजे अव्वांनी, भिंतीवरचा तिचा फोटो उतरवून ट्रंकेत टाकला. दोघांत जास्त राग कुणाचा हे कुणालाच कधी कळलं नाही. अप्पांना वाटायचं बायकोनं मन दगड केलंय, अव्वांना वाटायचं नवऱ्यानं. विचारणार कोण? त्या विषयावर नवरा-बायकोत त्यानंतर एक शब्द झाला नव्हता. शिवलीलाचा नवरा शशिधर कबनूरच्या यंत्रमागांवर दिवस काढायचा आणि घरातल्या भांडणापासून चार हात लांब राहायचा.

आता पोरीला दिवस गेलेत आणि ती वेबसाइटवर अनोळखी लोकांना हुग्गी विचारतेय. शिवलीलाला रडू आलं. पण सांगायचं कुणाला? ई-मेलसकट ते पान पडद्यावर तसंच उघडं टाकून ती डोळे पुसत उठून गेली.

बरं, अनोळखी लोकही काय एकेक! 'चुलीपुढची' नावाच्या बाईनं लगेच सांगितलं, "खपली गहू भिजत घाल, कुटून साल काढ. गुळात हात आखडू नको." त्याखाली 'मुरगूडचं पावणं' नावाचा कुणी टपकला, "गूळ जपून. सातव्यात गरम पडंल. हिचं काय ऐकू नको." चुलीपुढची म्हणाली, "पावण्यांनी बाळंतपणात नाक खुपसू नये." पावणं म्हणालं, "खुपसणार." पंधरा दिवस हेच. एकानं बदाम सांगितले की दुसऱ्यानं खारीक. आणि विद्याश्री दोघांचंही मुकाट ऐकत होती.

मग एके दिवशी तिनं लिहिलं, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणतात. माहेरच नसेल तर काय करतात?"

ते वाचून शिवलीला रात्रभर तळमळली. दुसऱ्या दिवशी तिला माहेरच्या लग्नाला जायचं होतं. गेली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. परत येऊन चप्पल काढतेय तोवर संग्रामचा फोन.

"वैनी, कुठं गेलता? तक्रार आलीया. ती चुलीपुढची आणि मुरगूडचं पावणं, दोन्ही एकाच जोडणीवरनं येतात. एकच मानूस हाय ते. पोटुशा बाईची चेष्टा चाललीया. आजच्या आज काढून टाका दोघांना."

"अहो, पण..."

"न्हायतर दोन्ही नावं एकात एक घाला आणि ताकीद द्या. पण आजच. नियम म्हंजे नियम."

शिवलीलानं पोस्टमागचा जोडणीचा नंबर काढला. दोन्हींचा एकच. मग कशी कुणास ठाऊक, तिनं आपल्याच एका पोस्टचा नंबर काढून शेजारी ठेवला. तोही तोच! अगं बाई! म्हणजे हे दोघं याच घरात, याच खुर्चीवर बसून भांडत होते?

तिनं बोटांवर घरातली माणसं मोजली. शशिधर? छे, त्याला चहा करता येत नाही, तो हुग्गी काय सांगणार! अप्पा तर कॉम्प्युटरला 'ते डबडं' म्हणायचे. राहिल्या अव्वा. अव्वांना पाककृती वाचायला, चार ओळी लिहायला तिनंच शिकवलं होतं. आणि मुरगूड अव्वांचं माहेर. म्हणजे दोन्ही नावं अव्वांचीच! पण मग बाई स्वतःशीच का भांडत होती? सकाळी गूळ घाल म्हणायचं आणि दुपारी घालू नको म्हणायचं? लेकीच्या काळजीनं म्हातारीला भ्रम झाला की काय? आणि हे अव्वांना विचारायचं तरी कसं? लेकीचं नाव काढलं तर घर डोक्यावर घेतील.

फोन पुन्हा वाजला. तिनं तो उचललाच नाही. हद्दपार केलं तर पोरीशी बोलणारं कुणीच उरत नव्हतं. तिनं हात जोडले, 'एकत्र करा' हे बटण दाबलं आणि चुलीपुढचीला मुरगूडच्या पावण्यात घालून टाकलं. झालं. मागची सगळी पोस्टं आता एकाच नावाखाली. तिकडं न बघता ती कणीक मळायला गेली.

कणीक मळून होतेय तोवर अप्पांची हाक आली. हाक कसली, बोंब!

"शिवलीला! हिकडं ये! ह्ये मी लिवलेलं न्हाय!"

पिठाचे हात घेऊन ती पळत आली. अप्पा कॉम्प्युटरपुढं बसलेले, नाकावर चष्मा, उजव्या हाताचं एक बोट वर. त्या डबड्यापुढं!

"काय लिवलेलं न्हाय, अप्पा?"

"ह्येच की! माझ्या नावावर कुणी..." अप्पा एकदम थांबले. काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"मुरगूडचं पावणं तुम्ही?" शिवलीलाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मग? जावाय न्हवं का मी मुरगूडचा?" अप्पा खेकसले. "कबनूरला मागाच्या हापिसात पोरांकडनं शिकलो. त्ये ऱ्हाऊ दे. ह्ये वाच."

तिनं वाचलं. ती लग्नाला गेली होती तेव्हाचंच होतं. मुरगूडचं पावणं म्हणत होतं, "माहेर न्हाय असं म्हनू नको. सातव्यात ओटी भरून आनत्यात. तुला आनायला कुणी आलं न्हाय तर आपली आपण ये. दार उघडं हाय. घरातला म्हातारा वरडंल, वरडू दे. त्याला मी बघते."

"मी मलाच म्हातारा म्हनंन व्हय?" अप्पा म्हणाले.

त्याच्याच खाली मुरगूडचं पावणं पुन्हा म्हणत होतं, "पोरी, मी कवाच न्यायला आलो असतो. पण घरातली बाई दारात उभं करनार न्हाय. तिनं तुझा फोटो सुदीक ट्रंकेत टाकला."

"ह्ये कुनी लिवलं?" मागून आवाज आला. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदरानं तोंड पुसायचं राहून गेलं होतं. "मी दारात उभं करनार न्हाय? मी? तुमी नाव काढू देत न्हवता म्हनून फोटो ट्रंकेत ठेवला मी! रोज काढून बघत होते!"

अप्पांनी चष्मा काढला. पुन्हा लावला. शिवलीला दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. कुणाची माफी मागावी, कुणाला आधी पाणी द्यावं, काही सुचेना.

"म्हंजे गूळ घाल म्हनत हुतीस, ती तू?"

"आन जपून म्हनत हुता, त्ये तुमी?"

तेवढ्यात पानावर खाली नवी ओळ आली. परगावचीनं लिहिलं होतं, "आज सगळं एकाच नावाखाली वाचलं. म्हातारा, बाई, ट्रंक. माझा फोटो ट्रंकेत आहे? अप्पा? का अव्वा? कोण आहे तिथं?"

अप्पांनी खुर्ची पुढं ओढली. मग एका बोटानं एकेक अक्षर शोधायला सुरुवात केली. शिवलीला मदतीला वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला. बराच वेळ लागला. पडद्यावर उमटलं, 'दोघंबी हाय. न्यायला कवा येऊ?'

अव्वा खुर्चीच्या पाठीला धरून पुढं झुकल्या.

"इचारताय काय?" त्या म्हणाल्या. "येतोय म्हना."

अप्पांनी शेवटचं वाक्य खोडलं आणि पुन्हा अक्षरं शोधायला लागले. फोन वाजत होता. शिवलीलानं तो पिठाच्या हातानंच उचलला.

"वैनी," पलीकडून संग्राम म्हणाला, "झालं का? त्या नावाखाली आता एकच मानूस हाय न्हवं?"

शिवलीलानं एका खुर्चीभोवतीच्या त्या दोन पांढऱ्या डोक्यांकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली, "आजपासनं एकच."