हलका जोड

विश्वजितने कंट्रोलर गादीवर आपटला. तो उसळी घेऊन खाली गेला आणि फरशीवर घरंगळत दारापर्यंत पोचला. टीव्हीच्या पडद्यावर समोरच्याचा खेळाडू दोन्ही हात पसरून कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावत होता. हा समोरचा कोण, जालंधरचा की गुवाहाटीचा, विश्वजितला ठाऊक नव्हते आणि जाणून घ्यायची हौसही उरली नव्हती. रात्रंदिवस हरणाऱ्याला जिंकणारे सगळे सारखेच दिसतात.

दारात आण्णा उभे होते. त्यांनी पायाशी आलेल्या कंट्रोलरकडे पाहिले.

"फुटला काय?"

"न्हाई."

"मग उचल की. हत्यार हाय ते तुझं. पायदळी ठेवतोस व्हय?"

विश्वजितचे वडील आण्णा, म्हणजेच सयाजी वस्ताद, हे पेठेतल्या तालमीचे एके काळचे प्राण. आता दोन्ही गुडघे गेलेले, पण कान अजून पैलवानाचे आणि आवाजही. पोराने लाल मातीत उतरावे असे त्यांना फार वाटे. पोरगा उतरला तो टीव्हीवरच्या फुटबॉलमध्ये. सुरुवातीला आण्णा त्याला 'बोटांची कुस्ती' म्हणून हिणवत. मग गणपतीत मंडळाने ठेवलेल्या स्पर्धेत विश्वजितने आजूबाजूच्या पेठांची पोरे एकामागून एक लोळवली आणि आण्णांचे मत एका संध्याकाळीत पालटले. पेठेला खेळ कुठला याच्याशी फारसे देणेघेणे नसते, आपला जिंकला की झाले.

त्या कौतुकाच्या भरात विश्वजितने दुचाकीच्या शोरूममधली नोकरी सोडली. पुण्यातला याच खेळाचा एक संघ कोल्हापुरातून एक खेळाडू उचलणार होता, राहणे-जेवण आणि शिकवणीसकट. निवड पावसाळ्यानंतर होती. आपणच जाणार, असे विश्वजितने चहाच्या गाड्यावर सांगून टाकले. पेठेत एकदा बोललेला शब्द परत घेता येत नाही. लोक तो जपून ठेवतात आणि वेळ आली की काढून दाखवतात.

आणि नेमके तेव्हाच त्याचे हरणे सुरू झाले. आधी त्याने नेटला शिव्या घातल्या, नंतर कंट्रोलर बदलला, मग पडद्यावरचा संघ बदलला, मग खुर्ची सोडून गादीवर बसायला लागला. नाचता येईना अंगण वाकडे, असे आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, तर तो दिवसभर जेवला नाही. खरे दुखणे त्याचे त्याला कळत होते. समोर गोल मोकळा दिसला की त्याचा अंगठा क्षणभर विचार करायचा. अंगठ्याने विचार करायचा नसतो. तेवढ्यात चेंडू जायचा, मग सामना जायचा, मग तो रागाने लगेच दुसरा सामना लावायचा आणि तोही जायचा. महिन्याभरात तो नेटवरच्या खेळाडूंच्या यादीत इतका खाली घसरला की कालपरवा खेळायला लागलेली पोरे त्याला हरवून हसरी तोंडे पाठवू लागली.

आण्णांनी बदाम घातलेले दूध चालू केले. दोन दिवस दंड-बैठका काढायला लावल्या. गुण येईना. मग एका संध्याकाळी ते विश्वजितच्या शेजारी गादीवर टेकले.

"जगाबरोबर खेळणं बंद कर थोडं."

"मग कुणाबरोबर खेळू? तुमच्याबरोबर?"

"वरच्या सोमूबरोबर खेळ. रोज दिवेलागणीला. घरातल्या घरात."

सोमशेखर वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. शिरोळकडच्या एका खेड्यातला, मुकाट स्वभावाचा पोरगा, औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला. मागे त्याला कावीळ झाली, तेव्हा विश्वजितच्या आईने महिनाभर त्याला पथ्याचे करून घातले होते. तेव्हापासून आण्णांनी हाक मारली की तो चप्पल न घालताच जिना उतरायचा.

सोमू बरा खेळायचा, पण सामना जवळ आणून घालवायचा. शेवटच्या मिनिटांत त्याचा बचाव उघडा पडे आणि विश्वजितचा गोल होई.

"थोडक्यात गेली की," तो मान हलवत म्हणायचा.

"बचावात घाई करतोस तू," विश्वजित त्याला समजावायचा. "गोलकीपर कशाला पुढं काढतोस? जाग्यावर ठेव त्याला."

"व्हय. चुकतंय खरं."

रोज असे जिंकता जिंकता विश्वजितची पाठ सरळ झाली. त्याने दाढी केली. आईशी नीट बोलू लागला. मग एक दिवस धीर करून पुन्हा जगाबरोबर खेळला, आणि जिंकला. दुसऱ्या दिवशीही जिंकला. समोर गोल मोकळा दिसला की अंगठा आता थांबत नव्हता. चहाच्या गाड्यावर आण्णांच्या मिशीला पुन्हा पीळ चढला आणि त्यांनी ओळखीबिनओळखीच्या सगळ्यांना स्वतःच्या नावावर चहा पाजला.

निवडीच्या स्पर्धेत सोमूनेही नाव दिले होते. विश्वजितला हसू आले.

"कशाला रे? सुट्टी टाकून?"

"बघावं म्हटलं," सोमू म्हणाला.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. जिथे नवरा-नवरी बसतात तिथे दोन खुर्च्या, दोन टीव्ही आणि मागे भला थोरला पडदा. पेठेची पोरे हलगी घेऊन आली होती. पुण्याहून आलेला संयोजक सारखा हात जोडून हलगी थांबवा म्हणत होता आणि हलगीवाला प्रत्येक वेळी मान डोलवून आणखी जोरात वाजवत होता. पहिल्या रांगेत आण्णा फेटा बांधून बसले होते.

विश्वजितने उपांत्य सामना सहज मारला आणि पाणी प्यायला बाजूला झाला. पडद्यावर सोमूचा सामना चालू झाला होता, इचलकरंजीच्या एका नावाजलेल्या खेळाडूशी. विश्वजितने ग्लास तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

हा सोमू त्याने कधी पाहिला नव्हता. बचाव भिंतीसारखा. गोलकीपर जागचा हलत नव्हता. इचलकरंजीचा पोरगा डावीकडून आला, उजवीकडून आला, मधून घुसला, आणि दर वेळी सोमूचा खेळाडू त्याच्या आधी तिथे उभा. शेवटच्या मिनिटांत तर सोमू आणखीच थंड झाला. चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने वेळ संपवली आणि समोरच्याशी हात मिळवून खाली मान घालून उतरला.

लहानपणी विश्वजित आण्णांचे बोट धरून तालमीत जायचा. एखादा पोरगा लागोपाठ पडू लागला, त्याचे मन मोडले, की आण्णा एखाद्या थोराड पैलवानाला कोपऱ्यात घेऊन कानात काही सांगायचे. त्या संध्याकाळी तो थोराड गडी त्या पोराखाली पाठीवर पडायचा. पोरगा चार दिवसांत छाती काढून चालू लागायचा. याला हलका जोड देणे म्हणत. पडणाऱ्याने त्याचा उच्चार जन्मात करायचा नाही, अशी रीत होती. विश्वजितला तेव्हा त्या पोरांची गंमत वाटायची. सगळ्या तालमीला माहीत, आणि त्या एकट्यालाच नाही.

कार्यालयाच्या मागे हात धुवायच्या नळांपाशी त्याने सोमूला गाठले.

"महिनाभर मुद्दाम हरत होतास?"

सोमूने नळ बंद केला. ओले हात पँटला पुसले. उत्तर द्यायच्या आधी त्याची नजर मांडवाच्या दिशेने, जिथे आण्णा बसले होते तिकडे गेली. तेवढ्याने सगळे कळले.

"तू जिंकायला लागलास न्हवं परत?" सोमू म्हणाला. "मग झालं की."

"आणि तू नाव कशाला दिलंस?"

"मलाबी जायाचं हुतं की पुण्याला." सोमू हे अगदी साधेपणाने बोलला. "लेथवर किती दिवस काढायचं?"

विश्वजितच्या कानशिलात रक्त उसळले. याला आपण महिनाभर बचाव शिकवत होतो. आपण बोलत होतो आणि हा मान हलवत ऐकत होता. शरमेने त्याला सोमूकडे बघवेना.

"आता खरं खेळायचंस," तो म्हणाला. "आण्णांनी काही सांगितलं असलं तरी. आईची शपथ घे."

"खरंच खेळणार हाय," सोमू म्हणाला. शपथ मात्र त्याने घेतली नाही.

अंतिम सामन्यात विश्वजितचा पहिला गोल लवकर झाला, आणि मांडव डोक्यावर घेतला गेला. सोमूने तो फेडला, तोही असा की विश्वजितला हलताच आले नाही. मग बराच वेळ दोघेही अडून राहिले. हलगी थांबली होती. विश्वजितला प्रत्येक पासमागे एकच प्रश्न दिसत होता: हा सोडतोय, की सुटतोय? एकदा त्याने सोमूचा चेंडू झकास काढून घेतला आणि त्याला आनंद होण्याऐवजी संशय आला.

शेवटच्या मिनिटात त्याचा आघाडीवीर उजवीकडून सुटला. सोमूचा गोलकीपर जागा सोडून पुढे धावत आला. मागे जाळे उघडे पडले. अंगठा थांबला. क्षणभरच थांबला, पण विश्वजितला तो क्षण पुरा मोजता आला असता. मारू नये, चेंडू बाहेर घालवावा, असे त्याला वाटले. मग पहिल्या रांगेतून आण्णांचा आवाज आला, "हाण!" आणि त्याने हाणला.

पेठेची पोरे व्यासपीठावर चढली. गुलालाची पहिली मूठ संयोजकाच्या लॅपटॉपवर पडली. सोमू खुर्चीतून उठून त्याच्याकडे आला. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडले होते. दमल्यामुळे चूक झाली, एवढेही असेल. किंवा दुसरे काही असेल. विश्वजितने पुढे होऊन त्याला मिठी मारली, घट्ट, त्याचे तोंड आपल्या खांद्यात दाबून धरले, आणि पोरांनी विश्वजितला उचलून नेईपर्यंत मिठी सोडली नाही. लोकांना ती मिठी फार आवडली. पुष्कळांनी तिचे फोटो काढले.

रात्री मिरवणूक झाली, आईने ओवाळले. सोमू पहिल्या पाळीला जायचे म्हणून आधीच वर जाऊन झोपला होता.

सकाळी आण्णा घरामागच्या परड्यात तोंड धूत होते. कानाच्या पाळीत गुलाल अजून बसला होता. विश्वजित त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. वरून जिन्यावर पावले वाजली, सोमू डबा घेऊन बाहेर पडला, फाटक लागले. मगच विश्वजितने तोंड उघडले.

"आण्णा, वरची खोली मोकळी करून घ्या."

आण्णांनी ओल्या तोंडाने मागे पाहिले.

"का?"

"लागंल आपल्याला."

"तू तर पुण्याला निघालास. आम्हा दोघांना कशाला लागतीय?"

"मी येणार-जाणार की. घरात कोण दुसरं नको."

आण्णांनी टॉवेल घेतला, पण तोंड पुसले नाही. वस्तादांनी शेकडो पोरे पाडली आणि उठवली होती. हे पोर कशाने पडले ते त्यांना समजले असणार. त्यांचे ओठ एकदा हलले आणि मिटले. जन्मभर जपलेली रीत आड आली, की काय, कोण जाणे. पाणी हनुवटीवरून गळत राहिले.

"लेका, आजारात सांभाळलेलं पोरगं हाय ते," ते अखेर म्हणाले. "त्याला काय सांगू मी?"

"काय बी सांगा," विश्वजित म्हणाला. "तुमचं ऐकतोय की त्यो."