मास्तरांचा पाय

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली होती. त्यांच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. एवढं असून त्यांच्या धाकट्या लेकीला नदीवरचा पूल ओलांडता येत नव्हता.

गेल्या वर्षी गाडी चालवताना पुलाच्या मधोमध तिची छाती धडधडू लागली, हात बधिर झाले, आता आपण मरतो असं वाटलं. तपासणीत हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही चिंता आहे. भीती चढते तशी उतरतेही, फक्त पळून न जाता ती उतरेपर्यंत थांबायचं. आता धाकटीला पुलापलीकडे मनासारखी नोकरी मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं.

मास्तरांनी कंबर कसली. रोज सकाळी ते लेकीशेजारी बसायचे. पुलाच्या चढावर तिचा श्वास जोरात चालू लागला, की यांचा जीव कासावीस व्हायचा आणि गाडी थांबायची. घरी येऊन ते सांगायचे, पोरगी अजून तयार नाही. बायको विचारायची, पोरगी की तुम्ही? मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

रविवारी पुन्हा तेच झालं. धाकटी हळूच म्हणाली, "बाबा, मी ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर रोवलेला होता. रोज तोच असणार. भला माणूस, पण मायेच्या भरात त्याने लेकीची भीती एकदाही उतरू दिली नव्हती. मास्तरांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तिथं दाबायला काहीच नव्हतं.

गाडी पुलावर चढली. मध्यावर धाकटीचे खांदे ताठरले. "बाबा, आली."

"येऊ दे. मलाही आलीय."

"तुम्हाला?"

"तू पहिल्यांदा शाळेत गेलीस ना, तेव्हापासून आहे. चालव तू."

ती रडता रडता हसली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. एरवी मास्तरांनी उतरून त्याची शिकवणीच घेतली असती. गाडी रखडत, पण पुढे जात राहिली. हळूहळू स्टिअरिंगवरची तिची बोटं सैल झाली.

पलीकडे तिने गाडी कडेला घेतली. भीती खरंच उतरली, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मास्तर दार उघडून खाली उतरले आणि म्हणाले, "आता परत एकटी जा. मी चालत येतो."

गाडी वळून पुलावर गेली. मधोमध ब्रेकचे लाल दिवे लागले. त्यांनी धावायला पाय उचललाही होता. मग कठडा घट्ट धरून ते तिथेच थांबले. दिवे विझले, आणि गाडी पुढे निघाली.